दोन डोक्यांची पेटी

उद्यमनगर, कोल्हापूर
२ सप्टेंबर २००५

चि. अमरेश,

शरणार्थ. माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. अव्वा ठणठणीत आहे, आप्पा तिच्याहून ठणठणीत आहेत आणि दोघांची भांडणंही वेळच्या वेळी चालू आहेत. मी तुला दोन ईमेल पाठवल्या, उत्तर नाही. ईमेल पुसायला एक बोट पुरतं, पत्र फाडायला निदान दोन हात लागतात. तेवढे कष्ट तरी घेशील म्हणून कागद घेतला.

काम आहे. तुझ्या कॉम्प्युटरचं काय करायचं ते सांग. त्यालाच वाढवायचं, की तो काढून नवा घ्यायचा?

यंदाच्या पुरात कृष्णेनं शिरोळकडच्या एका पाणी-संस्थेचे पंप खोलीसकट नेले. नव्या पंपाचा शंख, म्हणजे ते गोल गुंडाळलेलं बाहेरचं अंग, ओतायचं काम आप्पांनी घेतलं. आपल्या भट्टीत एवढं मोठं काही आजवर ओतलेलं नाही. घेताना त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही घ्या म्हणाले असते, ती गोष्ट वेगळी. उन्हाळ्याच्या आत पंप बसला नाही तर त्या लोकांचा ऊस उभा वाळणार आहे.

पहिला शंख फसला. वरून बघशील तर कुठं बोट ठेवायला जागा नाही. लेथवर चढवला आणि जिभेपाशी, जिथून पाणी फिरून बाहेर पडतं तिथं, आत पोकळ निघाला. बंगळूरच्या एसीत विसरला असशील म्हणून सांगते: लोखंड थिजताना आकसतं. जो भाग सगळ्यात शेवटी थिजतो त्याच्या पोटात पोकळी राहते. म्हणून साच्यावर जादा लोखंडाचा राइझर ठेवायचा आणि आकसणाऱ्या जागेला वरून पाजत राहायचं. तो राइझर कुठं ठेवायचा हा अंदाजाचा खेळ. आप्पांचा अंदाज साठातल्या पन्नास वेळा बरोबर आला असेल, पण उरलेल्या दहा वेळांबद्दल बोलायला घरात कुणाची छाती नाही. तुझी होती, म्हणून तू बंगळूरला आहेस.

त्या दिवशी जेवताना आप्पा म्हणाले, "आणि दोनदा बघणार. तिसऱ्यांदा बी पोकळ निघाला तर भट्टी इझवायची. शेड भाड्यानं देऊ आन् गप बसू." अव्वा म्हणाली, "तुमी आन् गप?" ते हसले नाहीत. त्यावरून मी ओळखलं की हे बोलणं खरं आहे.

म्हणून मी शेडमधली तुझी केबिन उघडली. तू ती पेटी पुण्याहून टेम्पोत गादीत गुंडाळून आणलीस ते आठवतं का? अठ्ठ्याण्णव साल. एका पेटीत दोन प्रोसेसर. मल्लाप्पाच्या पोरानं दोन डोक्यांचा कॉम्प्युटर आणलाय अशी अख्ख्या उद्यमनगरात बातमी झाली होती. लोक बघायला यायचे आणि चहा पिऊन जायचे. आप्पा म्हणायचे, "एका डोक्याचं पोरगं माझं ऐकत न्हाय, आता दोन डोकी कुठं सांभाळत बसू?"

मी मात्र त्या पेटीपुढं एकदा गार पडले आहे. तू स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमनं फ्लायव्हीलचं जड चाक पडद्यावर ओतून दाखवलंस तेव्हा मी जेवणाचा डबा घेऊन आले होते. जन्मल्यापासून मी लोखंड बघते. भट्टीतून येताना ते दिसतं, धार दिसते, ठिणग्या दिसतात. साच्यात गेलं की संपलं. वाळू फोडेपर्यंत आत काय चाललंय ते आप्पांना दिसलेलं नाही, आजोबांना दिसलेलं नाही, जगात कुणालाच दिसलेलं नाही. आणि तू ते उघडं करून दाखवलंस. कडा निळ्या होत गेल्या, मधला लाल ठिपका लहान लहान होत एका जागी जाऊन थांबला. गाभाऱ्यातला पडदा बाजूला झाल्यावर व्हावं तसं मला झालं. डबा हातातच राहिला, आणि तू विचारलंस, "अक्का, आमटी सांडतीय की."

आता तीच पेटी शंख घेत नाही. मेमरी पुरत नाही म्हणते आणि थांबते. हिशेबासाठी शंखाचे तुकडे पाडते त्या बारीक चौकटी सोडून मोठ्या चौकटी धरल्या की चालते, पण मग जीभ आणि तिच्या शेजारची भिंत तिला एकच वाटते. राजारामपुरीतला कॉम्प्युटरवाला सम्मेद म्हणतो, नवा घ्या. तू काय म्हणतोस?

तुझी,
अक्का


१७ सप्टेंबर २००५

अमरेश,

तुझं कार्ड मिळालं. "पेटी भंगारात घाल. नव्या मशीनवर तयार सॉफ्टवेअर घे." पाच वर्षांनी भावाचं पत्र आलं आणि त्यात खुशालीला जागा नाही. अव्वानं ते मला वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं, "सगळे बरे असाल, काळजी घ्या." ती म्हणाली, "लई बारीक अक्षरात लिवलंय वाटतं, एवढ्याशा जागेत बसलं."

तुझा सल्ला मी ऐकला बरं का. तुझा प्रोग्रॅम घेऊन सम्मेदच्या दुकानात गेले. त्याच्या नव्या मशीनवर चढवला. पडद्यावर तुझंच वाक्य आलं: हा प्रोग्रॅम या मशीनसाठी नाही. पलीकडच्या फाउंड्रीवाल्यानं गुपचूप फ्लॉपीवर उतरवून नेला होता तेव्हा तू चिडून ते कुलूप घातलंस, मला ठाऊक आहे. त्या एका पेटीशिवाय तो कुठं चालायचा नाही आणि कुलूप काढणं फक्त तुला येतं. किल्ली खिशात घालून गेलास आणि तिकडून सांगतोस घर पाडा. तयार सॉफ्टवेअरचं म्हणशील तर ते आपल्या ऐपतीबाहेरचं आहे, आणि ते शिकून हातात बसेपर्यंत ऊस वाळून जाईल.

मग सम्मेदला म्हटलं, हीच पेटी वाढव. तो शेडमध्ये आला. नेमगोंडा पाटलांचा मुलगा रे तो, हुशार आहे, पण भट्टीजवळ कधी आलेला नव्हता. त्यानं झाकण काढलं आणि मागंच सरला. आत सगळी काळी पूड, आपल्या साच्याची वाळू. ती हाताला लागली की साबणानं जात नाही, तुला माहीत आहे. मऊ ब्रशनं त्यानं ती झाडत आणली आणि खालून ते दोन प्रोसेसर निघाले, जुवाखालच्या बैलजोडीसारखे शेजारी शेजारी. पंखे फिरत होते. एकाचा आवाज खरखरत होता, तरी फिरत होता.

सम्मेद म्हणाला, "ताई, माझ्याकडचं मशीन एसीत असून दोन वर्षांत मान टाकतंय. हे वाळू खाऊन जगलंय की."

आम्ही दोघं बघतच राहिलो. कुणी नीट पुसलं नाही, कुणी विचारलं नाही, भट्टीची धग, विजेचे लपंडाव, सगळं सोसून ते तसंच उभं होतं. मला एकदम भरून आलं. तू हसशील, पण आलं.

प्रोसेसर जुने असले तरी वेळ लागेल एवढंच, काम अडणार नाही, असं तो म्हणतो. अडलंय मेमरीवर. या मशीनला लागते ती जुन्या धाटणीची मेमरी कोल्हापुरात कुणाकडे नाही. पुण्याला दोन दुकानांत विचारलं, तिथंही नाही.

आणि एक. दुसरा शंखही गेला. आप्पांनी राइझर मोठा केला होता, पोकळी तिथंच, जिभेपाशी. साचे भरणारा आकाराम मोल्डर डोक्याला हात लावून वाळूत बसला. आप्पा कुणाला तरी शिव्या देतील म्हणून सगळे वाट बघत होते. त्यांनी चप्पल घातली आणि घरी गेले.

आता एकच उरलाय.

अक्का


७ ऑक्टोबर २००५

अमरेश,

एक कुरिअर आलं. आत मेमरीच्या चार पट्ट्या, आपल्या पेटीला लागतात तशाच. पत्र नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. गुंडाळी कन्नड वर्तमानपत्राची. पुण्याचे दुकानदार आता कन्नड वाचायला लागले असावेत.

मी कुणाला काही सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. असंच एकमेकांना न सांगता चालू दे, आपल्या घराला तीच सवय आहे.

सम्मेदनं पट्ट्या बसवल्या. मशीन चालू झालं, मेमरी मोजायला लागलं आणि मोजतच राहिलं. आम्ही दोघं आकड्याकडे बघत होतो. पूर्वी जिथं थांबायचं तिथून पुढं गेलं, आणखी पुढं गेलं. सम्मेदनं श्वास सोडला तेव्हा कळलं की मीही धरून ठेवला होता.

शंख बारीक चौकटींत घातला आणि सोडलाय. आज तिसरा दिवस. साच्यातलं लोखंड जे तासाभरात करतं ते समजून घ्यायला या कॉम्प्युटरला आठवडा लागणार, असं त्याचंच म्हणणं आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. लाखो ठिकाणी एकेका क्षणी किती ताप उरला ते तो मोजतोय. शेजाऱ्यानं किती घेतला, वाळूनं किती ओढला ते बघतोय. मग पुढच्या क्षणाला हात घालतोय. एकही जागा सोडत नाही. माणसानं असं एक काम आयुष्यात केलं तरी तो साधू म्हणायचा.

झाकण उघडंच आहे, समोर घरातला टेबलफॅन लावलाय. अव्वा म्हणते मला उकडत असताना त्या पेटीला वारा घालता. वीज गेली की जनरेटर. आकाराम दर तासाला डोकावतो आणि विचारतो, "थिजलं का?" मी म्हणते, "न्हाय अजून." तो मान हलवतो आणि जातो. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तशी सगळी शेड बसली आहे.

आप्पा सोडून. तू गेल्यापासून त्यांनी या केबिनचा उंबरा ओलांडलेला नाही. तू फ्लायव्हीलचा राइझर बाजूला मागितलास तेव्हा, काचेत बघून लोखंड ओतता येत नाही, असं सगळ्यांदेखत म्हणाले होते; आता शब्द मागं कसा घ्यायचा ते त्यांना माहीत नाही. समोरून जातात, वळत नाहीत. पण परवा बघितलं, केबिनसमोर आले की त्यांचं पाऊल हळू होतं.

अक्का


१३ ऑक्टोबर २००५

अमरेश,

हे सावकाश वाच. उभ्या उभ्या वाचू नकोस.

परवा खंडेनवमी. आपली रीत तुला माहीत आहे. भट्टी गार, मोटारी बंद, हत्याराला विश्रांती. आप्पांनी ताट घेतलं आणि एकेका वस्तूला हळदकुंकू लावत निघाले: भट्टी, लेथ, फावडी, चाळणी, अगदी ती मोडकी ढकलगाडीसुद्धा. तुझ्या पेटीला त्यांनी कधी लावलं नाही. तू होतास तेव्हाही नाही. ते खेळणं आहे, हत्यार नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मी केबिनमध्ये होते. पेटी चालूच होती, आणखी एक दिवसाचं काम उरलं होतं.

उंबऱ्यावर सावली पडली. बघते तर आप्पा, हातात ताट.

"बंद कर," म्हणाले.

पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात उभं होतं. आप्पा तुझ्या पेटीला हळदकुंकू लावायला आले होते. आणि त्यासाठी ती बंद करायची तर सगळा हिशेब पाण्यात. परत पहिल्यापासून आठवडा घालवायला वेळ नव्हता. मशिनिस्टची तारीख ठरलेली, साचा भरायला माणसं सांगितलेली. नको म्हणावं तर ते परत फिरणार आणि या जन्मी पुन्हा येणार नाहीत, हेही मला दिसत होतं.

मी म्हटलं, "आप्पा, आज नको."

"का? आठ दिवस न थांबता राबतंय म्हणून आकाराम सांगतोय. राबतंय ते हत्यारच की. मग त्याला आजच्या दिवशी सुट्टी नको व्हय?"

"आता थांबवलं तर सगळं वाया जाईल. पुन्हा पहिल्यापासनं करायला लागंल."

ते आत आले. ताट डाव्या हातात घेतलं आणि उजवा तळवा पेटीच्या अंगावर ठेवला. भरलेल्या साच्यावर ठेवतात तसा, बोटं पसरून. बराच वेळ तो हात तिथंच होता.

"तापलंय," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "म्हंजे वतकाम चालू हाय म्हण की."

मी मान हलवली.

"मग तसं सांगायचं. वतताना मधीच धार तुटली तर दोन्हीकडचं लोखंड एकजीव होतंय का कधी? पूजा काय, उद्या करू. होऊ दे पुरतं."

त्यांनी ताट खिडकीत ठेवलं, स्टूल ओढलं आणि बसले. घरी गेलेच नाहीत. अव्वानं नैवेद्य तटलाय म्हणून निरोप धाडला, तर यांचा उलटा निरोप, जेवण इकडंच पाठव. वीज गेली तेव्हा जनरेटरकडे स्वतः गेले. पेटीकडे बघत राहिले, पंख्याची खरखर ऐकत राहिले.

दसऱ्याला दुपारी काम पुरं झालं. मी शंख पडद्यावर आणला आणि ओतला.

अमरेश, मी आप्पांना रडताना बघितलेलं नाही आणि ते रडलेही नाहीत. पण त्यांनी टोपी काढली. शंख तेजानं पांढरा भरला, मग पिवळा, मग कडेकडेनं लाल. बाहेरची भिंत निळी झाली. निळं आत आत सरकायला लागलं. राइझर लाल होता, जिवंत होता, पण त्याच्या आणि जिभेच्या मधला गळा आधीच थिजून बंद झाला होता. पाजणारा वर भरलेला आणि पिणारा खाली उपाशी. जिभेपाशी एक लाल ठिपका एकटाच राहिला. सगळीकडून वाट बंद. मग तोही विझला.

"परत दाव," म्हणाले.

दाखवलं. पुन्हा म्हणाले, परत. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी पडद्याला हात न लावता, बोट जरा लांब धरून त्यांनी तो गळा दाखवला.

"साठ वर्सं ह्याच्या वर उभा हाय मी," म्हणाले. "आन् आत हे असं चाललेलं असतंय. कोण सांगणार? वाळू काय बोलत न्हाय." मग माझ्याकडे वळून, लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "त्यानं हे भट्टीत न उतरता बघितलं?"

मी म्हटलं, "तुमच्याजवळ उभं राहूनच बघितलं, आप्पा. लहानपणापासनं."

ते उठले, खडू घेतला आणि शंखाच्या लाकडी नमुन्यावर, पॅटर्नवर, राइझरची नवी जागा स्वतःच्या हातानं आखली. वर नव्हे, बाजूला, जिभेला लागून. तू फ्लायव्हीलला मागितली होतीस तशीच. मग म्हणाले, आता बंद कर. मी बंद केलं. त्यांनी पेटीला पाच बोटांनी हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ बाहेर उंबऱ्यावर फोडला, पाण्याचा एक थेंब आत जाऊ दिला नाही. पूजा केलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही म्हणून ती रात्रभर तशीच राहिली.

आज सकाळी बटण दाबलं. पंखे फिरले. आतून टक टक असा आवाज आला, आणि पुढं काही नाही. सम्मेद धावत आला. इतके दिवस तापून फिरलेली डिस्क एकदम गार पडली आणि बसली ती बसलीच, असं तो म्हणतो. चालूच ठेवली असती तर आणखी चालली असती.

आप्पांनी आमच्या तोंडाकडे बघून ओळखलं. खाली बसले. "माझ्या हातनं गेलं," एवढंच म्हणाले.

अक्का


२८ ऑक्टोबर २००५

अमरेश,

तिसरा शंख काल लेथवरून उतरला. जीभ भरीव आहे. आकारामनं हातोडी मारली तर घंटेसारखा वाजला. शिरोळची माणसं गुलाल घेऊन आली होती. भट्टी चालू राहणार. आप्पांना कुणी खांद्यावर घ्यायला आलं तर म्हणाले, "मला कशाला उचलताय? जागा दावणारा हितं न्हाय."

आणि तुझ्या पेटीचा निकालही लागला. वाढवायची की नवी घ्यायची, एवढंच मी तुला विचारलं होतं. सम्मेद म्हणाला, आता वाढवण्यासारखं काही राहिलं नाही, नवी घ्या. मी म्हटलं, नवीवर प्रोग्रॅम चालणार नाही. तो म्हणाला, मग अमरेशदादांना विचारा, त्यांच्याकडे बिनकुलपाची प्रत असेल. असेलही. मला माहीत नाही. आप्पांना मात्र प्रत ही गोष्टच पटत नाही. त्यांच्या मते जे काय आहे ते त्या पेटीतच आहे, आणि ज्यानं घडवलं त्याच्याकडेच दुरुस्तीला न्यायचं असतं, माणसाहाती पाठवायचं नसतं. हत्याराची रीत तशीच आहे म्हणे.

मी म्हटलं, फोन करून विचारते. तर म्हणाले, "फोन केलास तर त्यो घरला थांबायचा न्हाय."

म्हणून हे पत्र टपालात टाकलेलं नाही. मी घाईनं लिहिते आहे, खाली रिक्षा थांबली आहे. अव्वानं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि तुझ्यासाठी वेगळ्या शेंगापोळ्या बांधल्या आहेत. आप्पांनी बंगळूरच्या बसमध्ये दोन तिकिटं काढली आहेत. मला वाटलं दुसरं माझं. दुसरं पेटीचं आहे, ती खाली डिकीत ठेवणार नाही म्हणतात. तुझ्याच जुन्या गादीत गुंडाळली आहे. कोट घातलाय, टोपी नवी आहे, आणि पत्र मी कोटाच्या आतल्या खिशात घालते आहे, म्हणजे पोहोचल्यावर तोंडातून शब्द फुटला नाही तर निदान हे तरी तुझ्या हातात देतील.

तू हे वाचतो आहेस म्हणजे ते तुझ्या दारात उभे आहेत. पेटी खांद्यावर असेल, खाली ठेवणार नाहीत. वजन फार आहे रे. आधी ती उतरवून घे.

अक्का